सुविचार लक्षात राहतात, सर राहून जातात

‘ट्यूजडेज विथ मॉरी’ मी पहिल्यांदा वाचलं ते इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, होस्टेलच्या खोलीत, मित्राने पाठवलेल्या पीडीएफवर. एका रात्रीत संपवलं. शेवटाला रडलो. सकाळी त्यातलं एक वाक्य स्टेटसला टाकलं आणि पुढची काही वर्षं भेटेल त्याला हे पुस्तक सुचवत राहिलो.

गेल्या महिन्यात ते विकत घेऊन पुन्हा वाचलं. स्टेटसला टाकलेलं वाक्य नेमकं कुठलं होतं ते आठवेना, म्हणून शोधायला लागलो, तर तशी वाक्यं पानोपानी निघाली. त्यांतलं कुठलंही असू शकलं असतं. उलट पहिल्या वाचनात ज्या प्रसंगावरून मी सरळ पुढे गेलो होतो, तिथे या वेळी अडकून पडलो.

प्रसंग असा आहे. मिच अल्बम हा नावाजलेला क्रीडा पत्रकार १६ वर्षांनी आपल्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना भेटायला चाललाय. प्राध्यापक मरणपंथाला लागलेत. मिचची गाडी त्यांच्या घराशी येते. घरासमोर झाडाखाली, व्हीलचेअरवर बसून म्हातारा त्याची वाट बघतोय. मिच फोनवर आहे, कार्यक्रमाच्या निर्मात्याशी कामाचं बोलतोय. तो फोन ठेवत नाही. खाली काहीतरी पडलंय आणि आपण ते शोधतोय, असं दाखवत तो गाडीतच वाकतो, बोलणं पुरं करतो, आणि मगच उतरतो.

असं आपण सगळ्यांनी केलेलं आहे. फक्त ते लिहून ठेवायचं धाडस फार थोडे करतात. जगभर लाखांनी खपलेल्या या पुस्तकातलं सर्वांत खरं पान मला हेच वाटतं, आणि गंमत म्हणजे त्या पानावर मॉरी एक शब्दही बोलत नाहीत.

अभ्यासक्रमात बसवलेलं मरण

ज्यांनी पुस्तक वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मॉरी श्वार्ट्झ बोस्टनजवळच्या ब्रँडाइस विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायचे. मिच त्यांचा लाडका विद्यार्थी. अमेरिकेत फुटबॉलचा जवळजवळ धर्मच कसा झालाय, यावर त्याने त्यांच्या हाताखाली प्रबंध लिहिला. तो त्यांना ‘कोच’ म्हणायचा. १९७९ साली पदवी मिळाली त्या दिवशी त्याने त्यांना नावाची आद्याक्षरं असलेली ब्रीफकेस भेट दिली. संपर्कात राहशील ना, असं त्यांनी विचारलं. हो म्हणाला. राहिला नाही.

१९९५मध्ये टीव्हीचे चॅनेल बदलताना त्याला ‘नाइटलाइन’ या कार्यक्रमात टेड कॉपेलसमोर बसलेले मॉरी दिसले. त्यांना एएलएस झाला होता. स्टीफन हॉकिंगना होता तोच आजार. शरीर एकेक करून साथ सोडतं, विचार करणारं डोकं मात्र बहुतेक वेळा शाबूत राहतं. मिच भेटून आला, पुन्हा येईन म्हणाला, आणि विम्बल्डनच्या बातम्या द्यायला लंडनला निघून गेला. परत आला तेव्हा डेट्रॉइटमध्ये त्याच्या वर्तमानपत्रात संप सुरू झालेला. हातात काम नाही. मग तो मॉरींकडे दर मंगळवारी जायला लागला. असे १४ मंगळवार झाले. ४ नोव्हेंबर १९९५ला मॉरी गेले. पुस्तक १९९७मध्ये आलं. त्याचा मूळ हेतू मॉरींच्या औषधपाण्याचा खर्च भागवणं हा होता.

पुस्तकाची रचना एखाद्या कोर्ससारखी आहे. एका मंगळवारी मृत्यू, एका मंगळवारी कुटुंब, एकदा पैसा, एकदा लग्न, एकदा क्षमा. मिचने विषयांची यादी करून नेली होती आणि सोबत टेपरेकॉर्डरही. कॉलेजात असताना ही रचना मला फार आवडली होती. परीक्षेला युनिटवार नोट्स मिळाव्यात तसं जगण्याचं युनिटवार उत्तर हातात आल्यासारखं वाटलं होतं.

आता तीच रचना पुस्तकाचा कच्चा दुवा वाटते. प्रेम करा, माफ करा, पैशामागे धावू नका, मरणाकडे डोळे उघडे ठेवून बघा. यातलं चूक काहीच नाही. पण हे सांगायला मॉरीच कशाला हवेत? आपल्याकडे कुठल्याही कीर्तनात हे मिळतं आणि चालीत मिळतं. या प्रकरणांत मिच हळूहळू माणूस उरत नाही, टेपरेकॉर्डर होतो. तो विचारतो, ते सांगतात, तो भारावतो. कुठे वाद नाही, कुठे मॉरींचं चुकत नाही. ज्या शिक्षकाचं कधीच काही चुकत नाही त्याच्याबद्दल वाचताना मला कोडच्या ज्या डेमोमध्ये एकही एरर येत नाही त्याची आठवण होते. कुठेतरी काहीतरी झाकलेलं आहे असा संशय येतो.

पण मग मधेच एक तपशील येतो आणि पुस्तक पुन्हा जिवंत होतं. मिच दर मंगळवारी येताना पिशव्या भरभरून खाणं घेऊन येतो, कारण मॉरींना खायला आवडतं. बरेच दिवसांनी मॉरींची बायको त्याला सांगते, की त्यांना आता हे खाता येत नाही. घट्ट काही गिळवत नाही. फ्रिज भरलाय त्याने आणलेल्या डब्यांनी. मॉरींनी हे त्याला सांगितलेलंच नसतं. १६ वर्षं रिकाम्या हाताने राहिलेल्या मुलाला काहीतरी घेऊन येऊ द्यावं, एवढंच त्यांनी केलेलं असतं.

हा प्रसंग स्टेटसला टाकता येत नाही. तो फक्त त्या दोघांच्यातला आहे, आणि म्हणूनच तो शिकवण या शब्दाला पात्र आहे.

माझ्या म्हणण्याला पुस्तकाबाहेरचाही एक पुरावा आहे. मॉरींचं स्वतःचं पुस्तक आहे, ‘लेटिंग गो’, १९९६मध्ये आलेलं. आजारपणात सुचलेले विचार त्यात त्यांनीच मांडलेत. म्हणजे सुविचारच हवे असतील तर ते थेट मूळ माणसाच्या हातचे उपलब्ध आहेत. तरी जगाने डोक्यावर घेतलं ते मिचचं पुस्तक. विचार तेच, माणूस तोच. फरक एकच, की दुसऱ्या पुस्तकात समोर एक ओशाळलेला विद्यार्थी बसलेला आहे. वाचकाला मॉरींच्या जागी बसता येत नाही. मिचच्या जागी आपण सगळे केव्हाचे बसलेले आहोत.

खांद्यावर हात ठेवून दिलेला ठोसा

या पुस्तकाशेजारी मला आमच्या धंद्यातलं एक पुस्तक ठेवून बघायचंय. रँडी पॉश हा पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातला कॉम्प्युटर सायन्सचा प्राध्यापक. लहान मुलांना खेळता खेळता प्रोग्रामिंग यावं म्हणून बनवलेल्या ‘अ‍ॅलिस’ या सॉफ्टवेअरमागचं मुख्य नाव. स्वादुपिंडाचा कर्करोग झालेला, हातात थोडे महिने. १८ सप्टेंबर २००७ला त्याने बालपणीची स्वप्नं पुरी करण्याबद्दल भाषण दिलं. ते यूट्यूबवर वणव्यासारखं पसरलं. २००८मध्ये पत्रकार जेफ्री झॅस्लोसोबतचं ‘द लास्ट लेक्चर’ हे पुस्तक आलं, आणि त्याच वर्षी २५ जुलैला वयाच्या ४७व्या वर्षी पॉश गेला.

हे पुस्तकही सुविचारांनी भरलेलं आहे. उत्तरार्धात तर दोन-दोन पानांची प्रकरणं आहेत आणि त्यातली बरीचशी ऑफिसच्या भिंतीवरच्या पोस्टरसारखी आहेत. पण या मरणाऱ्या शिक्षकाचाही एक शिक्षक होता, आणि तो पुस्तकात आला की वाक्यांची धार बदलते.

त्यांचं नाव अँडी व्हॅन डॅम. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग केलेल्यांनी हे नाव ‘फोली-व्हॅन डॅम’ या जाडजूड कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या पुस्तकावर पाहिलेलं असेल. उघडलं असेलच असं नाही, मीही नव्हतं उघडलं. १९६५पासून ते अमेरिकेतल्या ब्राऊन विद्यापीठात शिकवत आलेत. पॉश तिथे पदवीला होता, त्यांच्याकडे टीचिंग असिस्टंट होता, हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला चांगलंच माहीत होतं. एक दिवस व्हॅन डॅमनी त्याच्या खांद्यावर हात टाकला, त्याला फिरायला नेलं आणि सांगितलं, की लोकांना तू फार गर्विष्ठ वाटतोस ही वाईट गोष्ट आहे, कारण त्यामुळे आयुष्यात तुला जे करता येईल त्याला मर्यादा पडणार.

पॉश हा प्रसंग भाषणात सांगतो तेव्हा लोक हसतात. सांगण्याची पद्धत हसण्यासारखीच आहे. व्हॅन डॅम त्याला माजोरडा म्हणाले नाहीत. माजोरडेपणाची किंमत त्यालाच मोजावी लागेल, एवढं म्हणाले. महत्त्वाकांक्षी पोराला कळेल अशाच भाषेत. पुढे पीएचडी कर, प्राध्यापक हो, असंही त्यांनीच सांगितलं. तुझ्या अंगात विकण्याची कला आहे, कुठल्याही कंपनीत गेलास तरी तुला विक्रेताच करतील, मग विकायचंच तर शिक्षण वीक, असा काहीसा त्यांचा युक्तिवाद.

मला सर्वांत आवडतो तो तिसरा प्रसंग. पॉश स्वतः प्राध्यापक झालाय. ‘बिल्डिंग व्हर्च्युअल वर्ल्ड्‌स’ हा त्याचा कोर्स पहिल्यांदाच सुरू झालाय. पहिल्याच असाइनमेंटला पोरं इतकं अफाट काम करून आणतात, की पुढे काय शिकवायचं हेच त्याला कळेना. तो व्हॅन डॅमना फोन लावतो. ते म्हणतात, उद्या वर्गात जा, डोळ्यांत डोळे घालून सांग, की ठीक केलंत, पण याहून चांगलं करू शकता. कारण उंची कुठे आहे हे तुला ठाऊकच नाहीये, तर तू ती ठरवून त्यांचं नुकसानच करशील.

या तिन्ही सल्ल्यांत एक साम्य आहे. दुसऱ्या कुणाला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. लाजाळू मुलीला गर्वाचा सल्ला देऊन काय करणार? धडपडणाऱ्या, मागे पडलेल्या वर्गाला ‘ठीक आहे, अजून चांगलं करा’ म्हटलं तर तो आणखी मोडून पडेल. व्हॅन डॅमचं शहाणपण त्या वाक्यांत नव्हतं. कुणाला, केव्हा, खांद्यावर हात ठेवून की फोनवर, हे ओळखण्यात होतं. त्यासाठी समोरच्याकडे बराच काळ लक्ष द्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट या दोन पुस्तकांबद्दल बोचते. दोन्हीकडे आपण ऐकायला बसलो कारण बोलणारा मरत होता. मॉरी ठणठणीत असते तर ‘नाइटलाइन’ने त्यांना बोलावलं नसतं. पॉश बरा असता तर त्याच्या भाषणाला कॅम्पसबाहेर कुणी विचारलं नसतं. शिक्षक मरणाच्या दारात गेल्याशिवाय त्याच्या बोलण्याला वजन येत नाही, हा या दोन्ही पुस्तकांनी नकळत दिलेला आणि मला अजिबात न पटलेला धडा. म्हणून व्हॅन डॅम मला जास्त जवळचे वाटतात. त्या दिवशी पॉशचं भाषण संपल्यावर ते मंचावर येऊन बोलले. आपल्या विद्यार्थ्याच्या शेवटच्या भाषणानंतर बोलायची वेळ शिक्षकावर आली.

आपल्याकडचे ‘सर’

मराठीत आपण शिक्षकावर भरभरून लिहिलंय, पण ते बहुतेक शाळेतल्या. ‘व्यक्ती आणि वल्ली’तले चितळे मास्तर सगळ्यांना माहीत आहेत. कॉलेजातला शिक्षक मात्र आपल्या साहित्यात क्वचितच कुणाचा हात धरतो. १९६३ सालच्या ‘कोसला’तला पांडुरंग सांगवीकर पुण्यात कॉलेज करतो, मेस, होस्टेल, गॅदरिंग सगळं करतो, आणि तसाच गावी परत जातो. त्याला घडवणारा कुणी प्राध्यापक आठवून बघा.

शब्दांचीही अडचण आहे. मेंटॉरला आपण ‘गुरू’ म्हटलं की तो एकदम इतक्या उंचावर जातो, की त्याच्याशी वाद घालता येत नाही आणि त्याच्या खांद्याला खांदा लागत नाही. ‘सर’ म्हटलं की तो हजेरी घेणारा माणूस होतो. मिचला ‘कोच’ हा शब्द सापडला, कारण त्यात दोघांनी मिळून खेळायचा सामना आहे. आमच्याकडे त्या जागी ‘गाईड’ होता. फायनल इयरच्या प्रोजेक्टवर सही करणारा माणूस. वर्गात सत्तर पोरं, एकेका गाईडकडे चार-पाच ग्रुप, वर नॅकच्या फायली. मॉरींच्या छोट्याशा वर्गाशी याची तुलना करणं अन्यायाचंच आहे.

तरी माझे गाईड मला इथे आणावेच लागतील, कारण हा लेख त्यांच्यामुळे सुचलाय.

प्रोजेक्टला आम्हाला लॉगबुक ठेवावं लागे. दर आठवड्याला काय केलं ते लिहायचं आणि गाईडची सही घ्यायची. सगळे ग्रुप हे लॉगबुक सबमिशनच्या आदल्या रात्री एकदम लिहायचे, वेगवेगळ्या पेनांनी, म्हणजे वेगवेगळ्या दिवशी लिहिल्यासारखं दिसतं. आमचे सर दर आठवड्याला बघायचे. तिसऱ्या की चौथ्या आठवड्याला त्यांनी माझ्या पानावर सही करायला नकार दिला.

‘‘सर, सगळं लिहिलंय.’’

‘‘अरे, सगळं झालं असंच लिहिलंयस. काय झालं नाही ते कुठाय?’’

मी म्हणालो, की तसं काही नाही, सगळं वेळेवर चाललंय. त्यांनी वही मिटून माझ्याकडे सरकवली. ‘‘मग तू काम केलेलं नाहीस. पुढच्या वेळी आधी ते लिही. जे झालं ते शेवटी लिही.’’

मला राग आला होता. बाकीच्या ग्रुपांच्या गाईडांनी डोळे झाकून सह्या केल्या होत्या. पण वर्षअखेरीस माझ्या लॉगबुकात दर आठवड्याला आधी फसलेल्या गोष्टींची यादी होती. एका पानावर तर फक्त एक ओळ होती, की डेटाबेस का पडतोय ते चार दिवस कळलेलं नाही. त्यावर सरांनी सही केली आणि शेजारी लहान अक्षरात लिहिलं, ‘आता बरोबर.’

आज नोकरीत प्रॉडक्शनला काही कोसळलं की नंतर पोस्टमॉर्टेम लिहावं लागतं. काय फुटलं, का फुटलं, कुणाला आधी कळायला हवं होतं. टीममध्ये ते लिहायला कुणी पुढे येत नाही, कारण त्यात आपली चूक आपल्या हाताने लिहायची असते. मला ते जमतं. हे मी कुठून शिकलो ते माझ्या कुठल्याही मॅनेजरला माहीत नाही. ‘आधी काय झालं नाही ते लिही’ हे वाक्य तुम्ही आता वाचलंत, पण तुम्हाला त्याचा फारसा उपयोग होणार नाही. ते त्या दिवशी, त्या टेबलावर, सगळं चकाचक दाखवायची सवय लागलेल्या एका पोरासाठी होतं. मॉरींचा फ्रिज आणि व्हॅन डॅमचा खांद्यावरचा हात याच जातीचे आहेत, असं मला म्हणायचंय.

आता याची दुसरी बाजू. साधारण दोन वर्षांपूर्वी सरांचा व्हॉट्सअ‍ॅपवर मेसेज आला होता, की ज्युनिअर मुलांशी एकदा येऊन बोलशील का, तू लॉगबुक कसं लिहायचास ते सांग. मी ‘नक्की सर’ लिहिलं आणि नमस्काराचा इमोजी टाकला. गेलो नाही. त्याच महिन्यात मी ऑफिसातल्या नव्या मुलांना ‘ट्यूजडेज विथ मॉरी’ वाचा म्हणून सांगत होतो. गाडीत वाकून काहीतरी शोधण्याचं नाटक करणारा मिच मला आता इतका स्पष्ट दिसतो, त्याचं कारण हे आहे.

म्हणून पुस्तक वाचणाऱ्यांना एक सांगावंसं वाटतं. यातली मंगळवारांची प्रकरणं हवी तर भराभर वाचा. ती वाईट नाहीत, फक्त ती सगळ्यांसाठी आहेत. थांबा ते दोन प्रकरणांच्या मधल्या भागांत. आठ वर्षांचा मॉरी आईच्या मृत्यूची तार मोठ्याने वाचून दाखवतो, कारण स्थलांतरित बापाला इंग्रजी वाचता येत नाही, तिथे थांबा. ब्रीफकेसपाशी थांबा. पुस्तकाने तुम्हाला हलवलं तर त्यातलं वाक्य कुणाला पाठवू नका. ज्याने तुम्हाला काहीतरी नेमकं सांगितलं होतं, तो माणूस अजून जिथे असेल तिथे त्याला फोन लावा.

मी लावला. सर अजून शिकवतात. त्यांचं काही बरंवाईट झालेलं नाही, गुडघा दुखतो एवढंच. सरांनी दोन वर्षांचा विषय काढला नाही. मी म्हणालो, ‘‘सर, येतो एकदा, एखाद्या मंगळवारी.’’ पुस्तक डोक्यात होतं, म्हणून तोंडातून तसंच निघालं.

‘‘मंगळवार नको रे,’’ सर म्हणाले, ‘‘मंगळवारी मला दिवसभर प्रॅक्टिकल असतात. गुरुवारी ये. आणि ते लॉगबुक अजून असेल तर घेऊन ये.’’

ते घरी माळ्यावरच्या ट्रंकेत सापडलं. येत्या गुरुवारची रजा टाकली आहे.